लिस्बनची किनारा लोकल

लिस्बनला निघालात की सगळे तीनच सल्ले देतात. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम, कस्टर्ड टार्ट आणि चढउतारांसाठी चांगले शूज. शूजचं खरं आहे. ट्राममध्ये मात्र आपल्या संध्याकाळच्या विरार फास्टसारखी गर्दी, आणि तीही सगळी सेल्फी काढणाऱ्यांची. त्यापेक्षा माझं ऐका. काइश दो सोद्रे नावाच्या स्टेशनवर जा आणि काश्काइशला जाणारी स्लो लोकल पकडा. डावीकडची खिडकी धरा. चाळीसेक मिनिटं आधी तेजू नदी आणि मग अटलांटिक महासागर तुमच्या खिडकीला चिकटून चालतो. तिकीट आपल्या ऑफिसखालच्या कॉफीपेक्षा स्वस्त.

मी कंपनीच्या ट्रेनिंगला दहा दिवस गेले होते. रविवार मोकळा होता. ऑफिसातल्या माझ्या मडगावच्या मैत्रिणीने निघताना एक फोन नंबर दिला होता. तिच्या आईची मावसबहीण लिस्बनला असते. "फोन कर, ती तुला फिरवेल. फक्त तिला 'पोर्तुगालला कधी परत आलात' असं विचारू नकोस. भडकते."

आंटी स्टेशनवर माझ्याआधी हजर होत्या. पासष्टी गाठलेल्या, केस व्यवस्थित सेट केलेले, हातात छत्री. आकाश निळंशार होतं. "बाये, हांगा भरवसो ना," म्हणत त्यांनी छत्री माझ्या पाठीला टोचून मला गाडीत ढकललं. त्यांची कोकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज एकाच वाक्यात नांदतात, त्यामुळे इथे मी सगळं मराठीतच लिहिते.

आंटींचा जन्म गोव्यातला नाही, पोर्तुगालचाही नाही. त्या जन्मल्या मोझांबिकमध्ये, लोरेन्सो मार्किशला. आज त्या शहराला मापुतो म्हणतात. वडील बार्देसचे, तिकडे रेल्वेत कारकून. पोर्तुगीजांच्या आफ्रिकन वसाहतींत गोव्याची अशी खूप माणसं होती. रेल्वेत, कस्टममध्ये, शाळांत, सरकारी टेबलांमागे. १९७६ च्या सुरुवातीला सोळा वर्षांच्या आंटी आई-वडील आणि तीन भावंडांबरोबर लिस्बनच्या विमानतळावर उतरल्या. तोवर त्यांनी हा देश फक्त शाळेच्या नकाशात पाहिला होता. सरकारी कागदावर मात्र त्यांच्या नावापुढे शब्द पडला 'रेतोर्नादु', म्हणजे परत आलेला.

"मी कुठून परत आले गं? मी तर पहिल्यांदाच येत होते!"

थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगालमध्ये जवळजवळ अर्धशतक हुकूमशाही होती. १९६१ पासून अंगोलात, १९६३ पासून गिनीत आणि १९६४ पासून मोझांबिकमध्ये स्वातंत्र्याची युद्धं चालू होती. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्करानेच बंड केलं, बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची लाल फुलं खोचली गेली आणि हुकूमशाही दिवसभरात कोसळली. पुढच्या दीड वर्षात सगळं साम्राज्य आवरलं. मोझांबिक २५ जून १९७५ ला स्वतंत्र झाला, अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ ला. त्याबरोबर तिथल्या पोर्तुगीज नागरिकांचा लोंढा निघाला. १९८१ च्या जनगणनेत अशा लोकांची नोंद साधारण ४ लाख ७१ हजार झाली. तरी तोवर काही जण ब्राझीलला किंवा इतर कुठे निघूनही गेले होते. एकूण लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात असलेल्या, युरोपातल्या गरीब देशांपैकी एक असलेल्या देशात हे सगळे दोनेक वर्षांत येऊन आदळले. आणि सरकारं? १९७४ ते १९७६ मध्ये एकामागून एक सहा हंगामी सरकारं आली. आपल्याकडे प्रोजेक्टच्या मधोमध एकदा मॅनेजर बदलला तरी आपण लिंक्डइन अपडेट करायला घेतो!

गाडी अल्कांतारा-मारला थांबली. डोक्यावरून तो लाल झुलता पूल जातो, पूर्वीचा सालाझार पूल आणि आताचा २५ एप्रिल पूल. इथल्या धक्क्यांवरून आफ्रिकेकडे जहाजं सुटायची. इथेच वर चढण चढून गेलं की 'काझा द गोआ' आहे, लिस्बनमधल्या गोंयकारांचा अड्डा. आंटींनी खिडकीतून नुसता हात केला. "तिकडे गेलं की प्रत्येक जण तुला अंतोनियो कॉश्तांशी आपलं नातं सांगेल." (२०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान असलेल्या कॉश्तांचं घराणं मडगावचं. त्यांचे वडील मात्र या लोंढ्याच्या खूप आधी लिस्बनला आले होते.)

आम्ही बेलेमला उतरलो. इथे सगळे टुरिस्ट उतरतात. १८३७ पासून चालू असलेल्या दुकानातले टार्ट खातात, वास्को द गामाची समाधी बघतात आणि नदीकाठच्या 'शोधांच्या स्मारका'समोर फोटो काढतात. जहाजाच्या नाळेसारखं पन्नास मीटरहून उंच काँक्रीट, त्यावर ओळीने उभे दर्यावर्दी, राजे, पाद्री. आज दिसतं ते स्मारक १९६० साली उभं राहिलं. समोरच्या चौकात संगमरवरात जगाचा नकाशा आहे. तो दक्षिण आफ्रिकेने भेट दिला होता. साम्राज्याची जाहिरात म्हणून याहून झकास काही सापडणार नाही.

आणि बरोबर पंधरा वर्षांनी, १९७५ मध्ये, याच स्मारकाच्या पायाशी लाकडी पेटाऱ्यांचे डोंगर उभे राहिले. वसाहतींतून निघालेल्या माणसांनी घर जसंच्या तसं खोक्यांत ठोकून जहाजाने पाठवलं होतं. फ्रिज, शिवणयंत्रं, गाद्या, भांडी. खोक्यांवर ब्रशने रंगवलेली नावं. माणसं विमानाने आधी पोहोचली, सामान मागून आलं, आणि ते ठेवायला घर कुणाकडेच नव्हतं. म्हणून खोकी नदीकाठी तशीच पडून. आल्फ्रेदो कुन्या या फोटोग्राफरने त्यांचे कृष्णधवल फोटो काढले. मागे दिमाखात उभे असलेले दर्यावर्दी आणि पुढे हे संसार. फोटो नक्की शोधून बघा. आंटींच्या घरचं एक खोकं त्या ढिगात होतं. ते मिळायला सात महिने लागले. "आईची शिवणयंत्राची पेटी धड आली. त्यात नवीन चादरी होत्या, त्या गेल्या." पन्नास वर्षांनीही त्या चादरींचा हिशेब त्यांच्याकडे तयार आहे.

आंटी स्मारकाकडे पाठ करून बाकावर बसल्या आणि टार्टवर दालचिनीची पूड भुरभुरली. मी विचारलं, सरकारने नेमकं काय काय केलं? कारण मी जिथे जिथे याबद्दल वाचलं होतं, तिथे 'चमत्कार' हा शब्द हमखास होता.

केलं बरंच, हे मान्य करायला हवं. मार्च १९७५ मध्ये एक खास संस्था स्थापन झाली, स्वदेशी परतणाऱ्यांना आधार देणारी. तिच्या आद्याक्षरांवरून सगळे तिला 'इआर्न' म्हणत. अंगोलात तीन गटांची आपसात लढाई पेटल्यावर लुआंडाहून लिस्बनला विमानांचा पूल उभारला गेला. गोन्साल्विश रिबैरो या लष्करी अधिकाऱ्याने त्यासाठी लिस्बनच्या मागे लकडा लावला होता. सरकारी 'ताप'ची विमानं पुरेनात, तेव्हा इतर देशांची मागवली. शीतयुद्धाच्या ऐन मध्यात अमेरिकेचीही आली आणि रशियाचीही. लाखाहून कितीतरी जास्त माणसं काही महिन्यांत हलवली गेली. सप्टेंबर १९७६ मध्ये विस्थापितांसाठी वेगळं आयुक्तालय निघालं आणि तेच रिबैरो त्याचे प्रमुख झाले.

विमानतळावर इआर्नचं टेबल असायचं. नाव, जन्मगाव, कुटुंबात किती माणसं, इथे नातेवाईक आहेत का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. 'आहेत' म्हटलं की थोडे पैसे आणि गावाकडचं रेल्वेचं तिकीट हातात. आलेल्यांपैकी दहातले सहाएक जण मुळात पोर्तुगालमध्येच जन्मलेले होते. त्यामुळे उत्तरेच्या डोंगराळ खेड्यांत कुणाचा काका, कुणाची आजी निघायचीच. अशा हजारो घरांनी आपल्या चुलीजवळ जागा केली. माझ्या मते चमत्कार म्हणायचाच तर तो हा. सरकारी अहवालात त्याला आकडा नाही, कारण त्या आज्यांनी बिलं लावली नव्हती.

'नाही' म्हणणाऱ्यांसाठी सरकारने जे सापडेल ते घेतलं. लॉज, सुट्टीचे कॅम्प, बराकी, आणि हॉटेलं. हॉटेलांच्या गोष्टीला आपण शेवटच्या स्टेशनांवर येऊच.

पैशांचा प्रकार वेगळाच. आफ्रिकेतल्या एस्कुदोच्या नोटा दिसायला पैसे होत्या, पण लिस्बनमध्ये त्यांना कुणी हात लावेना. आयुष्यभराची कमाई खिशात असून सरकारी टेबलावरून कोट मागायचा. जानेवारी महिना, उष्ण देशातून आलेली मुलं, पायात सँडल. आंटींना मिळालेला कोट कुठल्या तरी दानपेटीतला, तपकिरी, दोन माप मोठा. "मापाचं काही नाही. त्याला दुसऱ्या बाईच्या अत्तराचा वास येत होता."

पुढची गाडी. अल्जेशनंतर क्रूझ केब्राडा स्टेशन येतं. इथे कुणी टुरिस्ट उतरत नाही. उतरलाच तर मागच्या जामोर दरीतलं राष्ट्रीय स्टेडियम बघायला. फुटबॉलवेड्यांना सांगते, १९६७ मध्ये सेल्टिकने युरोपियन कप इथेच जिंकला. याच दरीत निर्वासितांचा कॅम्प होता. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोरवर आक्रमण केलं. तिथून निसटलेली कुटुंबं १९७६ मध्ये पोर्तुगालने आणली आणि इथे ठेवली. आफ्रिकन वसाहतींतून आलेली काळी कुटुंबंही इथे होती. एस्तोरिलची हॉटेलं इथून काही स्टेशनं पुढे, त्याच रुळांवर. पण ती पंचतारांकित, आणि इथे तात्पुरत्या झोपड्या.

आता त्या कागदाबद्दल सांगते, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. डिक्री-लॉ ३०८-ए, तारीख २४ जून १९७५. म्हणजे मोझांबिक स्वतंत्र होण्याच्या आदल्या दिवशीची. त्याआधी हुकूमशाहीचा दावा होता की लिस्बनपासून तिमोरपर्यंत सगळे एकाच राष्ट्राचे, सगळे पोर्तुगीज. डिक्रीने ठरवलं की वसाहतीत जन्मलेल्यांपैकी ज्यांचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा पोर्तुगालमध्ये जन्मलेले, तेच पोर्तुगीज राहतील. गोरे बहुतेक सगळे आत. काळे बहुतेक सगळे बाहेर, मग त्यांनी पोर्तुगीज सैन्यातून लढाई केलेली असली तरी. मसुद्यात कातडीच्या रंगाचा एक शब्द नाही. पणजोबांनी काम केलं.

आणि त्याच यादीत एक कलम पूर्वीच्या 'एश्तादु द इंडिया'त, म्हणजे गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांसाठी होतं. त्यांनी नुसतं जाहीर केलं की आम्हाला पोर्तुगीज राहायचंय, तरी पुरे. आंटींचे वडील बार्देसचे. त्यांनी सही केली, कुटुंब आत. लोरेन्सो मार्किशच्या रेल्वे ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक मोझांबिकी सहकारी होता. तोच हुद्दा, तेच पोर्तुगीज ओळखपत्र, पोर्तुगीज त्याचं वडिलांपेक्षा चांगलं. त्याचा पणजोबा लिस्बनचा नव्हता.

गंमत बघा, हा खेळ आंटींच्या घराने आधीही एकदा पाहिला होता, पण तेव्हाही योग्य बाजूने. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला, तेव्हा सालाझार सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना पकडून कॅम्पात डांबलं, मालमत्ता जप्त केली आणि पुढे देशाबाहेर काढलं. गल्लीतला भारतीय पासपोर्टवाला गुजराती दुकानदार गेला. पोर्तुगीज कागदवाले गोंयकार राहिले. आंटी तेव्हा अगदी लहान. दुकानाला सील लागलं आणि बरणीतल्या गोळ्या काचेतून दिसत राहिल्या, एवढंच त्यांना आठवतं.

काशियास स्टेशन आलं तेव्हा आंटी गप्प झाल्या आणि मी बोलायला लागले, कारण ही माझी बाजू होती. स्टेशनच्या मागच्या टेकडीवर काशियासचा किल्ला-तुरुंग आहे. सांगलीहून गोव्यात जाऊन शिक्षकी करणारे आणि सशस्त्र लढ्यात पडलेले मोहन रानडे इथे होते. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडक्यांनी जिवाचं रान केलं होतं. रानड्यांचं 'सतीचे वाण' आमच्या घरी होतं आणि काशियास हे नाव मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. लोकलच्या डब्यात त्याची अनाउन्समेंट होते, दारं उघडतात, सर्फबोर्ड घेतलेली दोन मुलं चढतात, हे मात्र डोक्यात बसायला वेळ लागला.

आंटी म्हणाल्या, "आमच्याकडे रेडिओवर त्यांना टेररिस्ट म्हणायचे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "वडील रेडिओ बंद करायचे."

जमलं तर एक दिवस लिस्बनपासून शंभरेक किलोमीटर उत्तरेला पेनिशला जा. सर्फिंगचं गाव आहे, मासे अप्रतिम. समुद्रात घुसलेल्या कड्यावर किल्ला आहे, हुकूमशाहीचा सगळ्यांत बदनाम राजकीय तुरुंग. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर हे गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक इथे कोंडले होते. क्रांतीनंतर कैदी सुटले, आणि रिकाम्या तुरुंगात सरकारने आफ्रिकेतून आलेली 'परत आलेली' कुटुंबं राहायला ठेवली. कोठडीच्या भिंती त्याच, फक्त आत आता पाळणे. एप्रिल २०२४ मध्ये तिथे राष्ट्रीय संग्रहालय उघडलं.

एस्तोरिल. पामची झाडं, कॅसिनो, बीचवर पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या. दुसऱ्या महायुद्धात इथे हेर आणि पदच्युत राजे राहायचे. १९७५ मध्ये क्रांतीच्या धास्तीने टुरिस्ट येईनासे झाले, हॉटेलं ओस पडली आणि सरकारला खोल्या हव्या होत्या. हॉटेलवाल्यांना भाडं मिळालं, सरकारला छप्पर मिळालं आणि झुंबराखाली निर्वासित जेवू लागले. दुल्स मारिया कार्दोझु या लेखिकेची 'ओ रेतोर्नु' ही २०११ ची कादंबरी अशाच एका हॉटेलात घडते. लुआंडाहून आलेला पंधरा वर्षांचा मुलगा तिथे आईबहिणीबरोबर राहतो. इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे, विमानात वाचून होईल.

आंटींच्या कुटुंबाला दोन खोल्या मिळाल्या, सहा माणसांत. बाथरूममध्ये संगमरवर आणि बाथटबमध्ये धुवायचे कपडे. बाल्कनीतून समुद्र दिसायचा. खोलीत स्वयंपाक करायला बंदी, म्हणून आई कपाटात स्टोव्ह लपवून रात्री भात टाकायची आणि मुलं दाराच्या फटीला टॉवेल लावायची. गावातले लोक म्हणत, आमच्या कराच्या पैशावर पंचतारांकित ऐश करतायत. आणखी म्हणत, काळ्यांना लुटून आलेत, आता आमच्या नोकऱ्या खाणार. शाळेत आंटींना दुहेरी प्रसाद. गोऱ्या रेतोर्नादु मुलांसाठी त्या तपकिरी, आणि गावच्या मुलांसाठी रेतोर्नादु. "तरी आमचं बरं होतं. वडील सरकारी नोकर." वसाहतींतल्या सरकारी नोकरांना देशातल्या खात्यांत सामावून घ्यायची वेगळी यादी होती. वडिलांचं नाव त्यात वर सरकायला चौदा महिने लागले. मग सेतूबालला नगरपालिकेत टेबल मिळालं, दोन खोल्यांचं भाड्याचं घर मिळालं, आणि नदीकाठचं खोकं अखेर उघडलं गेलं.

इआर्न १९८१ मध्ये बंद झाली. आलेल्यांनी कॅफे काढले, दुकानं काढली, तिखट 'पिरी-पिरी' चिकन खेडोपाडी नेलं, सरकारी कर्जं घेतली, फेडली, निवडणुका लढवल्या. दहा-पंधरा वर्षांत ते गर्दीत मिसळून गेले, म्हणून जगभरचे अभ्यासक कौतुक करतात. कौतुक रास्त आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की आत कुणाला घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. मग जे आत आले त्यांचं बस्तान बसलं, याचा हिशेब मांडणं सोपं जातं.

आंटींनी हॉटेल लांबूनच दाखवलं. आत जायला त्या तयार नव्हत्या. आम्ही प्रॉमनेडवर चालत काश्काइशपर्यंत गेलो, आईस्क्रीम खाल्लं. चालता चालता मी माझ्या मडगावच्या मैत्रिणीबद्दल बोलले. तिने दोन वर्षांपूर्वी पोर्तुगीज पासपोर्टचं काम सुरू केलंय, आजोबांची १९६१ च्या आधीची जन्मनोंद लिस्बनच्या रजिस्ट्रीत चढवायला पाठवली आहे. पणजी-मडगावला अशी कामं करून देणाऱ्या एजंटांच्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. तिला पोर्तुगीजचा एक शब्द येत नाही, तिला आयर्लंडला जायचंय.

"मिळेल तिला," आंटी म्हणाल्या. "आजोबा बरोबर जागी जन्मलेत."

मी वडिलांच्या शेजारच्या टेबलावरच्या त्या सहकाऱ्याचं विचारलं. १९७८ पर्यंत त्याची पत्रं येत होती, म्हणाल्या. नाताळला, सुंदर अक्षरात. वडिलांनी सेतूबालचा पत्ता कळवला, त्यानंतरही एक आलं. त्यात त्याने विचारलं होतं की लिस्बनला खरंच इतकी थंडी असते का.